भाड्याची गाडी, भरलेली ओटी

जालना जिल्ह्यात चार दिवस जाऊन आले म्हटल्यावर सोसायटीतल्या दोघीतिघींनी विचारलं, तिकडे बघण्यासारखं काय आहे? माझं उत्तर नेहमीप्रमाणे तयार होतं. डिसेंबरात जा, पांढरा फुटलेला कापूस आणि पिवळी तूर एकाच बांधाला दिसते. राजूरच्या गणपतीपाशी चहा घ्या. आणि भाकरी वाढणाऱ्या बाईला नुसतं 'बास' म्हणून चालत नाही, ताटावर हात आडवा धरावा लागतो. हे सगळं खरं आहे आणि जाणाऱ्याच्या उपयोगाचं आहे. पण माझा प्रवास कापसापाशी थांबला नाही. तो जालना स्टेशनजवळच्या, गाड्या भाड्याने देणाऱ्या एका ऑफिसात सुरू झाला आणि तिथेच संपायला हवा होता. तो अजून संपलेला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

जालना

मी पुण्यात एका कॉलेजच्या कार्यालयात काम करते. याद्या करणं हा माझा स्वभावही आहे आणि नोकरीही. दोन वर्षांपूर्वी आम्ही गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा मी कागदाच्या दोन बाजूंना दोन याद्या केल्या होत्या. गाडी घेतली तर हप्ते, विमा, पार्किंगची रोजची भांडणं. नाही घेतली तर लागेल तेव्हा भाड्याने. नवरा श्रीकांत गाडी चालवत नाही, मी चालवते, पंचेचाळिशीत शिकले. दुसरी बाजू जिंकली. या शहाणपणाचा मला अभिमान होता आणि पुण्यात मी तो न विचारता सांगत असे.

माझी मावसबहीण मंदा जाफराबादच्या पुढे एका लहान गावात राहते. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिच्या मुलाच्या लग्नाला मी गेले नव्हते. तेव्हा फोनवर म्हणाले होते, आता गाडी बघतोय, पुढच्या वेळी स्वतःच्या गाडीनेच येते. गाडीचा निर्णय बदलला, ते तिला कळवायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे माझ्या कुठल्याच यादीत ते आलं नाही.

या वेळी पुण्याहून जालन्यापर्यंत रेल्वे आणि तिथून चार दिवसांसाठी गाडी असं ठरवलं. गाडी घरी बसून मोबाईलवर बुक केली, डिपॉझिटसकट सगळे पैसे आगाऊ भरले. ऑफिस स्टेशनच्या रस्त्यावरच होतं. काउंटरवर तिशीतल्या, नीट इस्त्रीचा कुर्ता घातलेल्या एक मॅडम होत्या. त्यांच्यामागे भिंतीवर खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्याला एकसारख्या पिवळ्या पट्टीची किल्ली. ही शिस्त बघून मला बरं वाटलं. गाडी पांढरी होती. मी तिचे चारही बाजूंनी फोटो काढले, बॉनेटचे दोन काढले, टायरचेसुद्धा काढले. पुढे कुणी ओरखडा माझ्या नावावर टाकू नये म्हणून. मॅडमनी टॅबलेट पुढे केला आणि म्हणाल्या, खाली अटी आहेत, वाचून घ्या. मी विचारलं, सगळं भरलेलं आहे ना? त्या म्हणाल्या, "भाडं भरलेलं आहे." मी खाली बोट टेकवलं आणि किल्ली घेतली. एरवी औषधाच्या बाटलीवरचा कागदही वाचणारी मी, त्या दिवशी मला भूक लागली होती.

भोकरदनकडे

जालन्याबाहेर पडताना आधी लोखंडाच्या कारखान्यांची धुराडी लागतात, मग बियाणं कंपन्यांचे मोठमोठे फलक आणि मग एकदम मोकळं रान. वेचणी चालू होती. कमरेला झोळ्या बांधलेल्या बायका कापसात वाकलेल्या दिसत होत्या. रस्त्याने ट्रॅक्टरवर कापूस असा भरलेला की पुढून फक्त दोन दिवे दिसावेत. रस्त्याकडेच्या बाभळींना जागोजाग कापसाचे पुंजके लटकलेले. श्रीकांत म्हणाला, इथल्या झाडांनाही पीक येतं.

राजूरला थांबून चहा घेतला. देवळात गेलो नाही, उशीर होईल म्हणून. भोकरदनच्या बाजारात मंदासाठी पेढे घेतले. जाफराबादच्या पुढे मोबाईलच्या नकाशाने दगा दिला आणि आम्हाला एका शेताच्या गाडवाटेवर आणून सोडलं. पुढे पाण्याचा पाट, मागे बैलगाडी. बैलगाडीमागून मोटरसायकलवर एक गृहस्थ आले, मागच्या सीटवर युरियाचं पोतं. त्यांनी एकच विचारलं, कुणाकडे? मी मंदाच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. ते म्हणाले, माझ्या मागं या. त्यांना उलट दिशेला जायचं होतं हे फाट्यावर ते वळले तेव्हा कळलं. पुण्यात पत्ता विचारला तर लोक हात दाखवतात. इथे माणूस स्वतः पुढे निघतो. हे मी कौतुकाने वहीत टिपून ठेवलं.

मंदाचं गाव

मंदा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तिने आम्हाला पाहिलं नाही, गाडीला पाहिलं. मी उतरायच्या आत ती गाडीला एक फेरी मारून आली. बॉनेटवर तळहात टेकवून म्हणाली, "ताई, तू म्हणल्तीस ना, पुढल्या बारीला गाडी घेऊन येईन. केलंस बग खरं."

आत्ता सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिने मागे वळून शेजारच्या ओट्यावर बसलेल्या म्हातारीला हाक मारली. इंदूमावशी, आमची ताई आली बग, सोता चालवत आली. इंदूमावशी उठून आल्या. मग अजून दोघी आल्या. मी मनात म्हटलं, आधी पाणी पिऊ, मग निवांत सांगू.

पाण्यानंतर चहा आला. चहात गुळाची गोडी होती. मंदा विचारत होती, राजूरला दाखवली का गाडी? त्या भागात नवी गाडी घेतली की राजूरच्या गणपतीसमोर नेऊन उभी करतात. मी म्हणाले, हो, वाटेत थांबलो होतो. वाक्य शब्दशः खरं होतं. श्रीकांतने कपातून वर बघितलं. हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तेव्हा तो हळूच म्हणाला, आत्ताच सांगून टाक, जेवणाआधी. मी म्हटलं, तिचा आनंद बघ ना, उद्या सांगते. खरं तर मला तिच्या आनंदाची पर्वा नव्हती. तिच्या शेजारणी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती मला अजून थोडा वेळ हवी होती. पुण्यात माझ्याकडे असं कुणी बघत नाही.

जेवणात बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि तव्यावरच रगडलेला ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याची आणि मसाल्याची कुटलेली पूड. आमटीला त्याने जो दाटपणा येतो तो आमच्या पुणेरी आमटीला गूळ घालून येत नाही. मी तीन भाकरी खाल्ल्या. हात आडवा धरायचा असतो हे तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाचा नवरा भगवानराव ओल्या फडक्याने गाडी पुसत होते. मी नको म्हणत होते, ते ऐकत नव्हते. त्यांची कापसाची आणि सोयाबीनची सहा एकर शेती आहे. आधी काही वर्षं ते भोकरदन-जाफराबाद जीप चालवायचे. पुसता पुसता ते पुढच्या पाटीपाशी आले आणि थांबले.

"ताई, पाटी जालन्याची हाय," ते म्हणाले. "आन् काळी काहून?"

काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे भाड्याने स्वतः चालवायची गाडी. आदल्या दिवशी काउंटरवरच्या मॅडमनीच मला हे सांगितलं होतं.

मी म्हणाले, इथल्याच एका ओळखीच्यांमार्फत घेतली. आणि पाट्या आता अशाच निघाल्यात.

"बराबर," भगवानराव म्हणाले. ते दिवे पुसायला लागले. पाटीवर धूळ तशीच राहिली.

आदल्या दिवशी गप्प बसले होते. मग अर्धं खरं बोलले. आता नुसतं खोटं बोलले, तेही मला जेवू घालणाऱ्या माणसाशी, तो माझी धूळ पुसत असताना. दिवसभर शेतात हिंडलो, तुरीच्या शेंगा सोलून खाल्ल्या, पूर्णेच्या पाण्याकाठी बसलो. सगळं सुंदर होतं. मी एकही फोटो काढला नाही. ज्या गाडीचे टायरसुद्धा टिपले होते, ती माझ्या पाठीमागे झाडाखाली उभी होती आणि मला तिच्याकडे वळून बघवत नव्हतं.

तिसरा दिवस

सकाळी अंगणात बायकांचे आवाज आले. बाहेर येऊन बघते तर मंदाने गाडीसमोर सडा टाकलेला, रांगोळी काढलेली. गल्लीतल्या सहा-सात बायका ताटं घेऊन आलेल्या. मंदाने कुंकू तेलात कालवलं होतं. पाण्यात कालवलं तर रस्त्याच्या वाऱ्यानं उडून जातं, असं तिचं म्हणणं. तिने बॉनेटवर मधोमध स्वस्तिक काढलं, हळदीचे ठिपके दिले, चाकांखाली लिंबं ठेवली. भगवानरावांनी नारळ फोडला. ते सगळा वेळ गाडीकडे बघत होते, माझ्याकडे एकदाही नाही.

माझ्या डोक्यात त्या वेळी एकच आलं, पुसलं जाईल. एवढंच. समोर काय चाललंय आणि कुणाच्या गाडीला चाललंय, हा विचार त्यानंतर आला.

मग मंदाने गाडीसमोर पाट ठेवला आणि मला बसवलं. पुण्यात कुणी गाडी घेतली तर शेजारी विचारतात, ॲव्हरेज किती देते आणि लावणार कुठे. इथे त्यांनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, आणि एकेक जण खण घालत गेली. पाच खण पडले. इंदूमावशींचा जांभळा होता, घडीच्या कडा उन्हाने थोड्या उडालेल्या. मंदा माझ्या कानाशी म्हणाली, मावशीची लेक येणार व्हती दिवाळीला, तिच्यासाठी ठेवलेला. न्हाई आली. इंदूमावशींना ऐकू गेलं असावं. त्या म्हणाल्या, "लेकीला दुसरा घेईन. आपल्यातली बाई गाडी हाकती, तिची ओटी आधी."

मी पदर पसरून बसले होते. आता सांगणं म्हणजे त्या पदरातलं सगळं खाली सांडणं होतं.

नंतर सगळ्यांना एक चक्कर हवी होती. दोन फेऱ्यांत गल्लीतल्या सगळ्या बायका बसून गेल्या. हातांना कुंकू, ओच्यात तांदूळ, इंदूमावशी पुढे माझ्या शेजारी. शाळेसमोरून जाताना त्यांनी काच खाली करायला सांगितली, लोकांना आपण दिसावं म्हणून. मी हॉर्न वाजवला. त्या खळखळून हसल्या. एवढं मोकळं हसणं ज्या गाडीत झालं तिच्या सीटवर नंतर हळदीचे पंजे उमटलेले होते.

परत जालना

चौथ्या दिवशी निघताना दोन घरी चहा घ्यावाच लागला, त्यामुळे उशीर झाला. मंदा आणि भगवानराव आमच्याबरोबर जालन्याला येणार होते. त्यांना कडबाकुट्टीच्या मशीनचं पातं घ्यायचं होतं, आणि मंदाला ताईच्या गाडीतून जालन्यापर्यंत जायचं होतं. माझी योजना तयार होती. दोघांना एसटी स्टँडवर सोडायचं, निरोप घ्यायचा आणि मग गाडी परत करायची. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

वाटेत मंदा मागच्या सीटवरून बोलत होती. पुढच्या वर्षी इंदूमावशीला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचंय, तू आली का गाडीनं नेऊ. मी हो म्हणत होते. श्रीकांत खिडकीबाहेर बघत होता. भगवानरावांनी फक्त एकदा, राजूरजवळ, गियर जल्दी बदलता तुम्ही, बरं चालवता, असं म्हटलं. ते कौतुक होतं. मला ते दंडासारखं लागलं.

त्यांना स्टँडवर सोडून पुढच्या गल्लीत गाडी उभी केली आणि ओले रुमाल काढून स्वस्तिक पुसायला लागले. तेलातलं कुंकू, तीस तासांचं ऊन. लाल गेलं आणि फिका गुलाबी डाग पसरला. हळदीचे ठिपके तसेच राहिले. श्रीकांत म्हणाला, राहू दे. त्याचा आवाज फार थकलेला होता.

काउंटरवरच्या मॅडम बाहेर आल्या, गाडीभोवती फिरल्या, मोबाईलवर फोटो काढले. आत येऊन त्यांनी शांतपणे सांगितलं, बॉनेटचं पॉलिश, सीट धुणं आणि उशिराचे तीन तास. साडेचार हजार आणि काही रुपये. डिपॉझिटमधून वजा होतील.

मी भडकले. सगळं आगाऊ भरलेलं असताना हे कुठून आलं, छुपे आकार नाहीत असं लिहिलंय तुमच्या जाहिरातीत. त्यांनी टॅबलेट वळवून अट दाखवली. गाडीवर हळदकुंकू, रंग, हार, स्टिकर काहीही लावल्यास साफसफाईचा खर्च घेणाऱ्याकडे. "मॅडम, नवरात्रात आमच्या गाड्या आम्हालाच ओळखू येत न्हाईत," त्या म्हणाल्या. "म्हणून टाकावं लागलं." मी म्हटलं, बॉनेटवर आधीपासून डाग नव्हता कशावरून? माझ्या तोंडून हे निघालं आणि माझ्या लक्षात आलं की तो नव्हता याचा पुरावा माझ्याच मोबाईलमध्ये होता, दोन फोटो. त्यांनी ते मला मागितलेही नाहीत.

मग मी आवाज चढवला. हे मी लिहितेय कारण लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

"हे आम्ही केलेलं नाही," मी म्हणाले. "गावातल्या बायकांनी केलं, आम्हाला न विचारता. अडाणी बायका आहेत, गाडी दिसली की फासलं कुंकू. त्यांचे पैसे मी का भरू?"

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे गेली होती. मी वळले. दारात मंदा उभी होती. आमच्या रेल्वेतल्या जेवणाचा डबा तिच्या पिशवीत राहिला होता. रेल्वे सुटायच्या आत स्टेशनवर गाठावं म्हणून ती रिक्षाने निघाली होती आणि वाटेत तिला ताईची गाडी दिसली होती. पांढरी, बॉनेटवर गुलाबी डागाची.

ती आत आली. आधी तिने भिंतीवरच्या किल्ल्यांची रांग पाहिली. मग मॅडमसमोरचा टॅबलेट, मग मला. ती सावकाश बघत होती, जशी एखादी बाई बाजारात भाव ऐकून घेते.

मग ती मॅडमकडे वळून म्हणाली, "स्वस्तिक म्या काढलं. ताई नको नको म्हणत व्हती. म्या ऐकलं न्हाई."

मी एकदाही नको म्हटलं नव्हतं.

"कुणी काढलं ते आम्ही न्हाई लिहीत, मावशी," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "काढलं का न्हाई, एवढंच."

मंदाने मान हलवली. डबा माझ्यासमोर काउंटरवर ठेवला. "धपाटे हायेत," ती म्हणाली. "दही येगळं बांधलंय. हे स्टँडवर थांबून राह्यलेत, जाते म्या."

ती गेली. श्रीकांत तिच्या मागे धावला. मी धावले नाही. मी तिथे उभी राहिले, कारण डिपॉझिटचा हिशोब व्हायचा होता. मॅडमनी आकडे भरले, मी सही केली, पावती घेतली आणि घडी करून पाकिटाच्या ज्या कप्प्यात पावत्या ठेवते त्याच कप्प्यात ठेवली. तेवढ्यात मंदाची रिक्षा निघून गेली होती. श्रीकांत पायरीवर उभा होता. रेल्वेत धपाटे त्यानेही खाल्ले नाहीत. पुण्याला उतरलो तेव्हा डबा तसाच होता. घरी आल्यावर मी एकटीने, ओट्यापाशी उभं राहून, ते सगळे खाल्ले. टाकून देणं शक्य नव्हतं.

पुणे

उरलेलं डिपॉझिट आठवड्यात खात्यात आलं. कुठे काही चुकलं नव्हतं, त्यांनी रुपयाही जास्त घेतला नव्हता. माझ्यासारख्या बाईला एरवी यावर समाधान वाटलं असतं.

मंदाला फोन करायला मला त्याहून जास्त दिवस लागले. ती नेहमीसारखीच बोलली. कापसाला भाव काय चाललाय, पातं बसवलं, आता कडबा बारीक निघतो. मी मध्येच तोडून माफी मागितली, सगळी, पहिल्या दिवसाच्या गप्प बसण्यापासून त्या 'अडाणी'पर्यंत. तिने ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "यांना तर पाटी बगूनच कळल्तं. घरी येताना एसटीत सांगितलं मला. म्या म्हणलं, मंग बोलले काहून न्हाई? तर म्हणले, तुजी बहीण हाय, तिनं सांगावं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"भाड्याची हाय म्हणून सांगतीस तरी म्या नारळ फोडलाच असता, ताई," ती म्हणाली. "तू चालवत आल्तीस, ते काय कमी व्हतं? पर मंग साऱ्या गल्लीला न्हाई बोलावलं असतं. आता बाया रोज इचारून राह्यल्या, ताईची गाडी कशी हाय. म्या म्हणते बरी हाय." मग तिने विचारलं, "किती दिस म्हणू?"

माझ्या डोक्यात याही प्रश्नाची यादी तयार होती. मी सांगितलं, पाचही खण कुरियरने परत पाठवते. सोबत सगळं खरं खरं लिहून देते. तू ते बायकांना वाचून दाखव.

मंदा हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसली, आणि ते हसू मला झोंबावं असंच होतं.

"ओटी परत करत न्हाईत, ताई. ती काय डिपॉजिट हाय? आन् तुजा कागद म्या काहून वाचू? ब्लाउज शिव, घाल, एसटीनं ये. इंदूमावशीच्या ओट्यावर बसून तूच सांग."

मी हो म्हटलं. या वेळी मला ते टाळता येण्यासारखं राहिलेलं नाही, कारण तारीख तिनेच ठरवून दिली आहे, आणि जालना-भोकरदन-जाफराबाद एसटीच्या वेळाही तिने श्रीकांतला सांगून ठेवल्या आहेत, मला नाही.

काल खण घेऊन आमच्या टेलरकडे गेले. माझ्या इतक्या वर्षांच्या मापाचा कागद त्याच्याकडे आहे. त्याने इंदूमावशींचा जांभळा खण उलगडला, फूटपट्टी लावली आणि मान हलवली. एका खणात तुमचं बसत नाही, बाई, म्हणाला. बाह्यांना कापडच उरत नाही. दुकानातून मॅचिंग घेऊन या.

मी उरलेले चार खण त्याच्या टेबलावर मांडले. पाठ आणि पुढचा भाग जांभळा ठेवा, म्हटलं. एक बाही मंदाच्या हिरव्याची. दुसरी या तांबड्याची. पट्टी पिवळ्याची, आणि हा निळा गळ्याच्या गोटाला.

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी त्याची फार व्यवस्थित गिऱ्हाईक आहे. असं कोण घालतं, बाई, त्याने विचारलं. लोक बघत बसतील.

"बघायलाच हवं," मी म्हणाले. "प्रत्येकीला आपापलं ओळखू आलं पाहिजे."